दिवसभर घरात राबणं म्हणजे व्यायाम झाला का? आई-मुलाच्या भांडणावर एका फिजिओथेरपिस्टचं लांबलचक उत्तर

तुमचा प्रश्न वाचून आधी हसूच आलं, कारण हेच भांडण मी गेली एकोणीस वर्षं आठवड्यातून दोनदा तरी क्लिनिकमध्ये ऐकते, फक्त माणसं बदलतात. बाकीच्यांसाठी परत थोडक्यात सांगते. तुमची आई ५८ वर्षांची, पहाटे साडेपाचपासून रात्री दहापर्यंत घरात पायावर, शुगर बॉर्डरला आलीय, गुडघे दुखतात, जमिनीवर बसली की उठताना हात टेकावा लागतो. डॉक्टर म्हणाले व्यायाम करा. आई म्हणते "दिवसभर राबते ती काय झोपून असते का मी, आता वर आणखी व्यायाम कशाला". तुम्ही ३१, आयटीत, घरूनच काम, सकाळी तासभर जिम. तुम्ही समजवायला गेलात तर तिने तुम्हालाच ऐकवलं की तू तासभर उड्या मारतोस आणि उरलेला दिवस खुर्चीला चिकटून असतोस. आणि आता तुम्ही विचारताय की दोघांत बरोबर कोण, आणि आईसाठी ट्रेडमिल घेऊ का.

तर तुम्ही दोघं एकमेकांबद्दल जे बोललात ते बरोबर आहे आणि स्वतःबद्दल जे समजताय ते चूक आहे. कसं ते सांगते, जरा वेळ लागेल, चहा घेऊन बसा.

आमच्याकडे कॉलेजात पहिल्या पहिल्या आठवड्यात एक फरक शिकवतात, शारीरिक हालचाल वेगळी आणि व्यायाम वेगळा. १९८५ साली कॅस्परसन, पॉवेल आणि ख्रिस्टेन्सन या तिघांनी ही व्याख्या नीट लिहून ठेवली आणि आजही तीच चालते. स्नायूंनी शरीर हललं आणि ऊर्जा खर्च झाली की ती हालचाल, मग भांडी घासा नाहीतर बस पकडायला पळा. व्यायाम म्हणजे त्यातलाच एक छोटा भाग, जो ठरवून केलाय, ज्याला काही रचना आहे, जो परत परत केला जातो, आणि ज्याचा हेतूच शरीराची क्षमता वाढवणं किंवा टिकवणं हा आहे. परीक्षेत आम्ही ही व्याख्या घोकून लिहिली आणि विसरलो. मला तिचा खरा अर्थ प्रॅक्टिस सुरू केल्यावर चारपाच वर्षांनी कळला, तो पुढे येईलच.

आधी तुमच्या आईची बाजू, कारण ती काही हवेत बोलत नाहीये. हालचालीचं महत्त्व पहिल्यांदा नीट कळलं ते कुठल्या जिममध्ये नाही, लंडनच्या बसमध्ये. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली, १९५३ साली ते छापून आलं. ड्रायव्हर जवळजवळ सगळी ड्यूटी बसून, आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढायचा. दोघांचा पगार, वस्ती, राहणी साधारण सारखीच. तरी कंडक्टर लोकांना हृदयविकार कमी, आणि झाला तरी उशिरा आणि सौम्य. कंडक्टर कोणी व्यायाम करत नव्हता, तो नोकरी करत होता. म्हणजे कामातली हालचालसुद्धा मोजली जाते, हे आईचं म्हणणं शंभर टक्के खरं. (त्या अभ्यासाची एक गंमत म्हणजे मॉरिसनीच नंतर बसकंपनीच्या गणवेशाची मापं तपासली, तर ड्रायव्हर लोकांच्या पँटी नोकरीला लागतानाच कमरेला जास्त रुंद निघाल्या. म्हणजे सगळा दोष बसण्याला देता येत नाही, थोडा फरक माणसं निवडली जातानाच होता. स्वतःच्याच गाजलेल्या निष्कर्षात अशी खोट काढणारा माणूस मला फार आवडतो.)

मग आईचं चुकतं कुठे? तर कंडक्टर पायऱ्या चढत होता. आई काय करते ते बघावं लागेल.

यासाठी आमच्याकडे एक माप आहे, मेट म्हणतात. निवांत खुर्चीत बसलेल्या शरीराला जेवढी ऊर्जा लागते तो एक मेट, ढोबळ हिशोबाने किलोमागे तासाला एक कॅलरी. तुमची आई ६० किलोची धरली तर नुसतं बसून तासाला ६०. आता भांडी घासणं, भाजी चिरणं, चपात्या लाटणं, इस्त्री, हे सगळं साधारण दोन ते अडीच मेट. केर-फरशी जरा जोरात केली तर तीन-साडेतीन. झपझप चालणं चारच्या आसपास, जिना चढणं चार आणि भरभर चढला तर त्याच्या बऱ्याच वर. तीन ते सहा मेट म्हणजे मध्यम तीव्रता, तीनच्या खाली ते हलकं काम. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून जे सांगते की आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं, ते मध्यम तीव्रतेचं सांगते, हलक्याचं नाही. तर आईचं बारा तास काम असतं पण त्यातले दहा तास हे मध्यमच्या पायरीखालीच जातात. थकते ती खरंच, पण थकवा हे काही तीव्रतेचं माप नाही, उभं राहून राहून, झोप कमी होऊन आणि सगळ्यांच्या वेळा सांभाळूनही माणूस थकतोच.

इथे एक गोष्ट सांगते जी पुस्तकात नव्हती, बायकांशी बोलूनच मला कळली. "आम्ही दिवसभर राबतो" हे वाक्य तुमची आई तिच्या आईकडून ऐकत आलीय, आणि त्या आजीच्या बाबतीत ते पूर्ण खरं होतं. आजीच्या कामात काय काय होतं आठवा. आडातून पोहऱ्याने पाणी शेंदायचं, घागर डोक्यावर, कळशी कमरेवर घेऊन चढ चढायचा, जात्यावर दळण, पाट्यावर वाटण, उकिडवं बसून अंगण सारवायचं, चुलीपुढे बसायचं-उठायचं दिवसातून चाळीस वेळा. यात खेचणं आहे, उचलणं आहे, ओझं घेऊन चालणं आहे, पूर्ण खाली बसून परत उठणं आहे. आज ज्याला जिममध्ये पैसे भरून लोक वेगवेगळ्या इंग्रजी नावांनी करतात ते सगळं. मग नळ आला, गॅस आला, मिक्सर आला, ओटा आला, वॉशिंग मशीन आलं, दांड्याचा मॉप आला. चांगलंच झालं, आजीचे कमरेचे हाल कोणाला परत नको आहेत. पण झालं असं की कामाचे तास तेवढेच राहिले आणि कामातला भार निघून गेला. आता राहिलंय ते ओट्यापाशी तासन्‌तास उभं राहणं.

आणि नुसतं उभं राहणं हा प्रकार शरीराला फार काही देत नाही. स्नायू तीन तऱ्हेने काम करतो, पोहऱ्यावरूनच सांगते. भरलेला पोहरा वर ओढताना दंडाचा स्नायू आखडत जातो आणि भार हलवतो. मध्येच थांबून नुसता धरून ठेवलात तर स्नायू जोर लावत राहतो पण लांबी बदलत नाही. आणि हळूहळू खाली सोडलात तर स्नायू लांबत जातो पण लांबताना ब्रेक लावत असतो. ओट्यापाशी उभं राहताना कंबर, मान आणि खांदे हे मधलं काम करतात, धरून ठेवायचं. धरून ठेवलेल्या स्नायूतून रक्त नीट खेळत नाही, म्हणून तो दुखतो पण ताकदवान होत नाही, कारण भार फारच कमी असतो. पोटरीचा स्नायू आखडला-सुटला की पायातलं रक्त वर ढकलतो, तो एक पंपच आहे, पण एका जागी उभं राहिल्यावर तो पंपही बंद, म्हणून संध्याकाळी पाय जड. मांडीचे मोठे स्नायू आणि ढुंगणाचे स्नायू, म्हणजे शरीरातलं सगळ्यात दांडगं इंजिन, ते सोळा तास जागं राहूनही जवळजवळ रिकामं बसलेलं असतं. चपात्या लाटून मनगट दुखतं आणि मांडी तशीच कमजोर राहते.

आता तो हात टेकून उठण्याचा मुद्दा. तुम्ही तो जाता जाता लिहिलाय पण मला सगळ्यात महत्त्वाचा तोच वाटला, शुगरच्या आधी. शरीराचा एक साधा नियम आहे, ज्या प्रकारची मागणी कराल त्याच प्रकारची तयारी होते, आणि मागणी आधीपेक्षा थोडी वाढत गेली तरच तयारी वाढते. आई रोज तेच काम तेवढ्याच भाराने तीस वर्षं करतेय. सुरुवातीला शरीराने त्याची तयारी केली आणि मग थांबलं, त्याला पुढे जायचं कारणच नाही. उलट तिशी-पस्तिशीनंतर स्नायू दर दहा वर्षांनी थोडे थोडे कमी होत जातात, साधारण तीन ते आठ टक्के म्हणतात, आणि साठीनंतर तो वेग वाढतो. म्हणजे काम तेच राहिलं आणि इंजिन बारीक होत गेलं. आधी ते कळत नाही कारण रोजच्या कामाला पूर्ण ताकद लागतच नाही, मग एक दिवस जमिनीवरून उठताना ताकद कमी पडते आणि आपण म्हणतो गुडघे गेले. गुडघे दुखत असतीलही, मी एक्स-रे न बघता काही बोलणार नाही, पण मी बघितलेल्या बऱ्याच बायकांत गुडघ्याचं निम्मं दुखणं हे मांडीच्या अशक्तपणाचं होतं. सांध्यात सेन्सर बसवून जर्मनीत मोजलंय, सपाट चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीचपट भार येतो आणि जिना उतरताना जवळजवळ साडेतीनपट. उतरताना मांडीचा स्नायू ब्रेक लावत असतो, तोच कमजोर असेल तर त्याचा धक्का कुठे जाणार सांगा. म्हणून तर "चढताना काही नाही हो मॅडम, उतरताना दुखतं" हे वाक्य मला दिवसातून तीनदा ऐकू येतं.

वय झालं आता काय ताकद येणार, असं आई म्हणेल, सगळ्याच म्हणतात. १९९० साली बोस्टनमध्ये मारिया फियातारोन यांनी वृद्धाश्रमातल्या दहा जणांना आठ आठवडे मांडीच्या ताकदीचा व्यायाम करायला लावला, सरासरी वय नव्वद. ज्यांनी पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मूळ ताकद फारच कमी होती म्हणून टक्केवारी एवढी मोठी दिसते हे खरं, आणि माणसंही दहाच होती, पण नव्वदीतला स्नायू शिकतो तर अठ्ठावन्नचा का नाही शिकणार. त्यातही पहिल्या तीनचार आठवड्यांत स्नायू जाड होत नाही, मेंदू आहे त्याच स्नायूला जास्त नीट कामाला लावायला शिकतो. म्हणून सुरुवातीचा फरक लवकर दिसतो आणि माणूस टिकतो.

शुगरचा संबंधही इथेच आहे. जेवल्यावर रक्तात आलेली साखर सगळ्यात जास्त कोण उचलतं तर स्नायू. आणि स्नायू आखडताना तो इन्सुलिनची वाट न बघताही साखर आत ओढतो, त्याचा स्वतःचा वेगळा दरवाजा आहे. आपल्या लोकांत हा मुद्दा जास्तच महत्त्वाचा कारण आपण दिसायला बारीक असलो तरी स्नायू कमी आणि चरबी जास्त अशी ठेवण असते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं यावरचं काम जगभर माहीत आहे. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात त्यांनी स्वतःचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन यडकिन यांचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, अगदी सारखा, २२.३. चरबी मात्र यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. तेव्हा "आई तर बारीकच आहे, तिला कशाला व्यायाम" असं घरात कोणी म्हणत असेल तर त्यांना हे सांगा.

आता तुमच्याकडे वळते, तुम्हाला वाटलं असेल सुटलो.

तुमचं काय आहे, तर व्यायाम आहे आणि हालचाल नाही. तासभर जिम, पण सेटच्या मध्ये बसून मोबाइल धरला तर सरासरी चारेक मेटच्या वर जात नाही, तुमच्या ७२ किलोला तीनशे कॅलरीच्या आत-बाहेर. मग दहा-अकरा तास खुर्ची, मग सोफा. जागेपणी बसून किंवा लोळून दीड मेटच्या आत घालवलेला वेळ, त्याला आम्ही बैठा वेळ म्हणतो आणि तो व्यायाम न करण्यापेक्षा वेगळा मोजतो. माणूस व्यायामही पुरेसा करू शकतो आणि बैठाही असू शकतो, एकाच दिवशी, तुम्ही त्याचं जिवंत उदाहरण आहात. २०१६ मध्ये दहा लाखांहून जास्त लोकांचा डेटा एकत्र करून बघितलं, तर दिवसात आठ तासांहून जास्त बसणाऱ्यांचा लवकर मृत्यूचा वाढलेला धोका पुसला जायला रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम तीव्रतेची हालचाल लागते असं निघालं. तुम्ही एक तास करताय तर काठावर आहात, वाईट नाही, जिम सोडू नका. पण मधला वेळ तोडा. दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं चाललं तरी जेवणानंतरची साखर बरीच खाली राहते हे ऑस्ट्रेलियातल्या डनस्टन यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलंय, साधं हळू चालूनसुद्धा. वीस मिनिटांनी उठणं ऑफिसच्या कॉलमध्ये जमणार नाही हे मला कळतं, अर्ध्या-पाऊण तासाने उठा, फोन आला की उभे राहा, पाण्याची बाटली टेबलावर ठेवूच नका.

तुम्ही दहा हजार पावलांचंही लिहिलंय की आईच्या हातात बँड घातला तर ११ हजार दाखवतो, मग अजून काय पाहिजे. तो दहा हजार आकडा कुठल्या प्रयोगातून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानमध्ये चालण्याची लाट आली, १९६५ मध्ये एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र काढलं आणि त्याचं नाव ठेवलं मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. नाव चाललं आणि आकडा जगभर चिकटला. आय-मिन ली यांनी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वयस्कर बायकांचा अभ्यास केला, सरासरी वय ७२, तर फायदा साधारण साडेसात हजारांपर्यंत वाढतो आणि मग सपाट होतो. शिवाय मनगटावरचा बँड पीठ मळतानाची पावलंही मोजू शकतो, हे मी स्वतः हातात बँड घालून कणीक मळून बघितलंय. पावलं चांगलीच आहेत, पण पावलांनी मांडीला भार मिळत नाही एवढंच.

आता करायचं काय. इथे आधी माझी स्वतःची चूक सांगते. प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत मी प्रत्येक बाईला बारा व्यायामांचा छापील कागद द्यायचे, चित्रं काढलेला, एकदम व्यवस्थित. पंधरा दिवसांनी विचारलं की सगळ्या खाली बघायच्या, आणि मी मनात म्हणायचे यांना स्वतःची काळजीच नाही. एकदा एक काकू सरळ म्हणाल्या, "मॅडम, हे करायला अर्धा तास लागतो, त्या अर्ध्या तासात कुकर कोण लावणार ते पण यात लिहा की." तेव्हा मला ती व्याख्या कळली. ठरवून केलेला, असं त्यात लिहिलंय ना, तर ठरवायला स्वतःच्या मालकीचा वेळ लागतो. मुलाला जिमला जायला मिळतं कारण तो तास त्याचा आहे. तिचा एकही तास तिचा नसतो. देशातली आकडेवारी बघा, २०२२ साली भारतातल्या सुमारे ५७ टक्के बायकांची आणि ४२ टक्के पुरुषांची हालचाल पुरेशी नव्हती. त्याआधी आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या सर्वेक्षणात, ज्यात महाराष्ट्रही होता, फुरसतीत काही व्यायाम-खेळ करणारे दहा टक्केही निघाले नव्हते. लोक याला आळस म्हणतात, मी म्हणत नाही.

म्हणून आधी तिच्या हातातलं एक काम काढून घ्या. मी तर केर-फरशी तुमच्याकडे घ्या म्हणते, दुपारी जेवल्यावर. तुमचं बसणं तुटतं, तीन मेट मिळतात, आणि तिला वीस मिनिटं मोकळी मिळतात. ती पहिल्यांदा नाही म्हणेल, फरशीवर डाग राहिले म्हणून परत पुसेलही, दोन आठवडे ऐकून घ्या.

मग त्या वीस मिनिटांत आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड. खुर्चीतून उठणं-बसणं, हात छातीवर घडी करून, आणि बसताना धपकन नाही, तीन मोजत हळू, कारण ते ब्रेकचं काम आहे आणि जिना उतरताना तेच लागणार आहे. आठ-दहा वेळा, थोडं थांबून परत, असं दोन-तीनदा. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा, सोपं झालं की उशी काढा, मग दोन किलो तांदळाची पिशवी छातीशी धरा. शेवटचे दोन उठताना जड वाटले पाहिजेत, अजून दहा सहज करेन असं वाटलं तर भार वाढवायची वेळ झाली. मग ओट्याला धरून टाचा वर, पंधरा वेळा. मग भिंतीला हात टेकून, भिंतीकडे वाकून परत ढकलायचं, दहा वेळा. श्वास कोंडायचा नाही, मोठ्याने आकडे मोजायला लावा म्हणजे आपोआप कोंडला जात नाही. एवढंच, याच्यापेक्षा जास्त सुरुवातीला नको. आणि रोज दुपारी-रात्री जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं, एवढ्या वेगाने की शेजारणीशी बोलता येईल पण अभंग म्हणता येणार नाही. हृदयाचे ठोके मोजायचा २२० वजा वय हा फॉर्म्युला विसरा, तो माणसामाणसात दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतो आणि बीपीच्या काही गोळ्यांवर तर काहीच कामाचा नाही. पूर्वी सांगायचे सलग दहा मिनिटं तरी पाहिजे, तीही अट २०२० मध्ये गेली, पाच मिनिटांचे तुकडेही धरतात.

दुखण्याचं म्हणाल तर पहिले दोनतीन दिवस मांड्या भरून येतील, एक-दोन दिवसांनी जास्त वाटेल आणि मग ओसरेल, ते ठीक. गुडघ्यात थोडं दुखलं, दहापैकी तीन-चार, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत गेलं तर चालू ठेवा. गुडघा सुजला, अडकला, मध्येच निसटल्यासारखा वाटला तर थांबा आणि दाखवा. आणि हे सगळं तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून सांगतेय, आईला बीपी आहे का, छातीत कधी दाटतं का, जिना चढताना नको इतकी धाप लागते का, शुगरची गोळी सुरू झालीय का हे मला माहीत नाही, त्यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टरांना विचारून मगच. इन्सुलिन किंवा काही गोळ्यांवर असलेल्या माणसाने उपाशीपोटी व्यायाम करायचा नाही, हेही लक्षात ठेवा.

ट्रेडमिलचं विचारलंत. नको. आईला चालण्यापेक्षा भाराची जास्त गरज आहे, आणि चालायचंच आहे तर बाहेर चालू दे, चढ-उतार मिळतो, ऊन मिळतं, चार माणसं भेटतात. तेवढ्या पैशात बिनहाताची, न हलणारी एक लाकडी खुर्ची घ्या, बसायची उंची साधारण १७ इंच. प्लास्टिकची नको, ती फरशीवर सरकते, आणि घ्याल ती भिंतीला टेकवून ठेवा.

खुर्ची आली की पहिल्या दिवशी एक टेस्ट करा, मोबाइलवर तीस सेकंद लावा आणि हात न टेकता आई किती वेळा पूर्ण उठून बसते ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला बाराच्या खाली आले तर ते कमी धरतात, म्हणजे अठ्ठावन्नला बारा तरी यायला हवेत. जो आकडा येईल तो कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत लिहून ठेवा आणि सहा आठवड्यांनी परत करा. पहिल्यांदा सात-आठच आले तरी तोंड वाकडं करू नका, आणि लगेच तिच्यासमोर तुम्हीही करा, तुमचे आकडे तिला मोजू दे.